सतरा नंबर ऐकतेय

३ फेब्रुवारी, सोमवार

कोण समजते ती बाई स्वतःला!

शाळेतून बोलावणं आलं म्हणून अर्धा दिवस रजा टाकली. वाटलं, मुख्याध्यापक असतील, परीक्षेचं काही असेल. तर एका खोलीत नेऊन बसवलं. गुबगुबीत खुर्ची, कोपऱ्यात कुंडी, आणि ती समुपदेशक. जेमतेम तिशीची. बोलणं असं की मुंग्या लागाव्यात. "आई, तुम्ही आरामात बसा हं." मी हिची आई? साखरबाई नुसती!

मग सुरू. तुमची मुलगी वर्गात बोलत नाही. मधल्या सुट्टीत एकटी असते. चित्रकलेच्या तासाला रडली, कारण सांगितलं नाही. "घरी कशी असते?" म्हटलं, घरी महाराणी असते. शाळेतून आली की दार लावून घेते. काही विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. ओरडलं तर दार आपटते. पंधरा वर्षांची घोडी झाली, प्यायलेला ग्लास उचलत नाही. "हं," म्हणाली आणि लिहून घेतलं. माझ्या तोंडावर!

शेवटी एक पत्रक हातात दिलं. 'किशोरवयीन मुलांच्या भावनिक व वर्तनाच्या समस्या : पालकांसाठी'. आणि गृहपाठ. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला गृहपाठ! "रोज दहा मिनिटं तिचं ऐका. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. ती गप्प बसली तर तुम्हीही बसा. आणि जे होईल ते वहीत लिहा."

ऐका म्हणे! अगं, मी रोज आठ तास ऐकते. फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात अकरा वर्षं बसलेय. लोक आईमाईवरून बोलतात आणि मी "समजू शकते सर" म्हणते. मला ऐकायला शिकवते ही!

वही आणलीय. लिहिणार. पण तिला दाखवायला नाही. इथे मला हवं ते लिहिणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गृहपाठ केला. महाराणींच्या खोलीत गेले, फोनवर दहा मिनिटं लावली, पलंगावर बसले. म्हटलं, "बोल."

"काय?"

"काहीही. दहा मिनिटं आहेत."

माझ्याकडे असं बघितलं जसं मी मीटर बघायला आलेय. मग भिंतीकडे तोंड. मीही गप्प. दोन मिनिटं गप्प! आणि तेवढ्यात माझं लक्ष गेलं, ओला टॉवेल गादीवर. किती वेळा सांगितलंय! उरलेली आठ मिनिटं टॉवेलवर गेली. टॉवेलवरून कपाट, कपाटावरून गणिताचे मार्क, मार्कांवरून तिची मावसबहीण.

शेवटी म्हणाली, "झाली का तुझी दहा मिनिटं?"

पालथ्या घड्यावर पाणी.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिस. दुपारी मुका कॉल.

आमच्याकडे नाव सांगायचं नाही, खुर्चीचा नंबर सांगायचा. कधी काळी एक गिऱ्हाईक कोणाचं तरी नाव विचारत फाटकाशी येऊन उभं राहिलं होतं, तेव्हापासून. मी सतरा. शेजारची चौदा, मधले दोघे नोकरी सोडून गेले. फोन करणाऱ्याचा नंबरही आम्हाला दिसत नाही. आणि समोरचं माणूस बोललं नाही तरी पाच मिनिटं फोन तोडायचा नाही. एकदा एका म्हातारीला मशीनचा शॉक बसला होता, बोलता येईना, आणि आमच्यातल्या शहाण्याने फोन ठेवून दिला. तेव्हापासून हा नियम. थोड्या थोड्या वेळाने म्हणत राहायचं, "मी सतरा नंबर बोलतेय. मी ऐकतेय. घाई नाही, सावकाश सांगा."

म्हटलं. पाच वेळा म्हटलं, मधाळ आवाजात. पलीकडे नुसता श्वास. पाच मिनिटं होत आली आणि आपणहून ठेवला. एका कॉलला किती वेळ लागला त्याची माझी दिवसाची सरासरी बोंबलली. कोण रिकामटेकडं आहे कोणास ठाऊक!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डबा पुन्हा भरलेला परत. आठवड्यात तिसऱ्यांदा. सकाळी पावणेसहाला उठून मी करायचं आणि यांनी फिरवून आणायचं! कॉलरला मागे शाईचा हा एवढा डाग. दप्तराचा पट्टा तुटलेला. तुटलेला कसला, कापल्यासारखा. वर्षातलं दुसरं दप्तर. म्हटलं, "वस्तू सांभाळायची अक्कल कधी येणार?"

"तुला काय करायचंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी जे बोलायचं ते बोलले. ती ऐकत उभी. मग एकदम म्हणाली, "ऑफिसात पण अशीच ओरडतेस?"

"ऑफिसात मला गोड बोलायचा पगार मिळतो!"

हसली. तसलं हसू मला आवडत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पत्रक वाचलं. म्हणजे रद्दीत टाकण्याआधी वाचलं. 'या वयात राग हा पुष्कळदा दुःखाचा किंवा भीतीचा वरचा थर असतो.' बरं! 'भूक, झोप, मैत्री यांत अचानक बदल झाला तर दुर्लक्ष करू नका.' 'वस्तू वारंवार हरवणे, मोडणे याचं कारण निष्काळजीपणाच असेल असं नाही.' मग काय असेल? दप्तराला उंदीर लागले? 'गप्प बसणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. काही वेळा कुठून सुरू करावं तेच मुलाला कळत नसतं.' आम्हाला कुठे काय कळत होतं? आम्ही सुरू केलं की थोबाडीत बसायची, मग आपोआप कळायचं.

नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याचं चष्म्याचं दुकान. जगाला चष्मे देतो, घरातलं याला दिसत नाही. वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "मी तर कधीचं म्हणतोय, वसतिगृहाच्या शाळेत घाल. शिस्त लागेल. वीस तारखेपर्यंत फॉर्म पोचला पाहिजे." फॉर्म त्याने आणूनच ठेवलाय, चार पानी. पुढच्या वर्षी तिकडे.

खरं सांगायचं तर ऐकून मला हलकं वाटलं. इथे लिहायला काय हरकत आहे? मला ती नकोशी झालीय. लिहिलं!

१० फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा मुका कॉल. पूर्ण पाच मिनिटं. मेल्याला दुसरा उद्योग नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाईट दिवस. फ्रिजवाल्या एका बाईने माझ्याकडेच माझी तक्रार केली. "मागच्या वेळी सतरा नंबर उर्मट बोलली." म्हटलं, "मॅडम, मी उर्मट बोलले नाही, तुम्हीच आधी…" आणि साहेबीण मागे उभी! नवीन आलेली, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, हातात सदा कॉलची मिनिटं मोजायचं घड्याळ.

फोन संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "नियम माहीत आहे ना? स्वतःची तक्रार स्वतः ऐकायची नाही. कॉल माझ्याकडे वळवायचा. माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतं, मग ऐकणार कोण?"

मान खाली घालून "हो मॅडम" म्हटलं. घरी एकीने जीव खायचा, इथे दुसरीने.

जेवणाच्या सुट्टीत चौदा म्हणते, "ते मुकं भूत मलाही येतं गं. पण माझा नंबर ऐकला की ठेवून देतं. तुझ्याकडे मात्र ठाण मांडून बसतं. आशिक आहे तुझा!" हसली खो खो. मला हसू आलं नाही. आजही आला होता, सव्वाचारला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साखरबाईने पुन्हा बोलावलं. दहा मिनिटांचं विचारलं. म्हटलं, जमत नाही, ती बोलतच नाही. "तुम्ही गप्प बसता का?" आता हिला टॉवेलचं काय सांगू?

मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला वाटतं, वर्गातल्या काही मुली तिला त्रास देतायत. माझ्यासमोर ती कबूल करत नाही. विचारलं कोणाला सांगशील, तर म्हणाली, आईला. पण पुढे म्हणाली, ती घरी असते तेव्हा नाही."

म्हटलं, बाई, मी घरी नसताना मला कसं सांगणार? हवेतून? तिलाही उलगडलं नव्हतं. फॉर्मचं कळल्यावर साखर जरा कमी झाली. "सही करायच्या आधी एकदा ऐकून घ्या. इथून उचलून तिकडे ठेवलं तर ती तेच सगळं सोबत घेऊन जाईल."

दुरून डोंगर साजरे. हिने एक महिना आमच्या घरात राहून दाखवावं.

तरी घरी आल्यावर सरळ विचारलं. "कोण त्रास देतं? नावं सांग. उद्याच्या उद्या येते शाळेत, एकेकीला सरळ करते!" महाराणींचा चेहरा पांढराफटक. "कोणी नाही. तू येऊ नकोस. प्लीज येऊ नकोस." झालं! कोणी नाही म्हणे. मग रडायची नाटकं कशाला?

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं तिला वसतिगृहाचं. नवरा सोफ्यावर, मी उभी. वाटलं थयथयाट करेल. मी तयारीतच होते.

काही नाही. दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. मग विचारलं, "तिकडे फोन असतो?"

बघा! जीव कशात अडकलाय ते बघा! आईबाप सुटले तरी चालतील, मोबाईल सुटायला नको. नवरा म्हणाला, मोबाईल नाही चालत, ऑफिसात एक साधा फोन असतो, गरजेपुरता. "साधा चालेल," म्हणाली आणि उठून गेली.

संध्याकाळी कपडे धुवायला घेतले तर मशीनवरचा कंपनीचा स्टिकर गायब, तक्रारीचा नंबर असतो तो. नखाने खरवडून अख्खा काढलाय. विचारलं तर गुळणी. चांगल्या मशीनला ओरखडे! ही विध्वंसाची कसली हौस?

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुका कॉल आला नाही. भूत उतरलं असेल.

बसमध्ये उगाच आठवलं. ती आठ वर्षांची असताना एकदा शाळेला अचानक सुट्टी, घरी कोणी नाही, म्हणून ऑफिसात नेली होती. दिवसभर माझ्या टेबलाखाली बसली, पायाला टेकून. परत येताना म्हणाली, "आई, तू कोणाशी बोलत होतीस?" म्हटलं, गिऱ्हाइकांशी. "किती छान बोलत होतीस. मी पण गिऱ्हाईक होऊ?" बसमधली माणसं हसली होती. मीसुद्धा.

तेव्हा गोड होती. आता शिंगं फुटलीयत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फॉर्म भरला. दोघांच्या सह्या झाल्या. शेवटचं पान कोरं आहे, 'अन्य माहिती' म्हणून. तिथे काय लिहायचं? काही सुचलं नाही. पाकीट पर्समध्ये ठेवलंय. उद्या ऑफिस सुटलं की कुरियरला देणार. पर्समध्ये ठेवताना तिने पाकीट बघितलं. मी बघितलं की तिने बघितलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चार वाजून वीस मिनिटं. मुका कॉल. "मी सतरा नंबर बोलतेय. मी ऐकतेय. घाई नाही, सावकाश सांगा."

"माझी तक्रार आहे." दोन आठवड्यांत पहिल्यांदा आवाज. "मशीनची नाही. सतरा नंबरची."

तो आवाज रोज सकाळी "डबा नको" म्हणतो.

साहेबीण समोरच उभी होती. ओठांवर आलं होतं, तू घरून फोन कसा केलास, शाळेतून कधी आलीस, आणि तुला मी काय कमी… कॉल वळवायचा नियम आहे. मी वळवला नाही. म्हटलं, "सांगा."

ती सांगायला लागली. लिहून घ्यायला हाताशी कागद नव्हता. पर्समधलं पाकीट फाडलं आणि फॉर्मच्या कोऱ्या पानावर लिहीत गेले. त्या मुलींची नावं. कात्री. डबा कुठे बसून उघडते ते. मग माझं, टॉवेलपासून सगळं. पान संपलं तेव्हा समासात लिहिलं, मग सह्यांवर. बेचाळीस मिनिटं. मी मध्ये एकदाही बोलले नाही.