मला ऐकू येणाऱ्या आवाजाबाबत

लिहून ठेवणार मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, हयातभर कोर्टात लघुलेखिका म्हणून दुसऱ्यांची बोलणी उतरवून घेतलेली, आता निवृत्त, एका मुलाची व एका मुलीची आई, राहणार हेच घर. पूर्ण शुद्धीवर असताना, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...

नाही, हे शेवटचे खोटे होईल. दडपण आहे, आणि ते साडेचार वाजता डॉक्टरांना घेऊन येणार आहे. पण ते दडपण मी लिहू नये यासाठीचे आहे, लिहावे यासाठीचे नाही. समोर बसलेले शिरस्तेदार म्हणाले, "बाई, एवढा फरक कायद्याला कळतो. लिहा पुढे."

माझ्या थोरल्याचे म्हणणे असे की, आईचे डोके ठिकाणावर नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला की घराचा कारभार त्याच्या हाती जाईल, घर विकायला निघेल, मी त्याच्याकडे आणि धाकटी जाईल तिकडे. त्या दाखल्यानंतर मी काही लिहिले तर कोण कशाला मानेल? म्हणून जेवणे आटोपल्याबरोबर दोन साक्षीदारांना बसवून स्वतःच्या हाताने लिहिते आहे. अक्षर बघा. कुठे कापले असेल तर दाखवा.

शिरस्तेदार माझ्याच कोर्टातले. सारखे घड्याळाकडे बघून मला घाबरवत आहेत. दुसरी साक्षीदार खालच्या मजल्यावरची शिंपीण. ती काजे-बटणांचे काम मांडीवर घेऊनच आली आहे.

कलम पहिले, घर. ह्यांच्या मागे हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते संपूर्ण धाकटीचे, कोणाचाही हिस्सा न ठेवता. मागच्या खोलीत ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते. तिथे तिचे टेबल, छोटी भट्टी, साचे आणि घासायचे यंत्र आहे. ती खोली गेली तर तिचे हातपायच गेले. थोरल्याला स्वतःचे घर आहे, चांगले ऐसपैस. "आई, तू माझ्याकडे चल, ती बघेल तिचं तिचं," असे तो म्हणतो आणि मायेने म्हणतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच्या मायेने धाकटीच्या डोक्यावर छप्पर येत नाही.

कलम दुसरे. बँकेत जे उरेल ते दोघांत निम्मे-निम्मे. त्यावरून भांडलात तर कान उपटायला मी नसेन, एवढेच माझे दुःख.

कलम तिसरे, पेटी. सगळ्या रामायणाचे मूळ ही, म्हणून सविस्तर लिहिते. शिरस्तेदार, घड्याळ बघू नका.

ह्यांनी जमवलेली गाणी धाकटीने तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये भरून दिली. ऐकायला बसले तर सगळे सपाट, गाणारी बाई जणू शेजारच्या खोलीत दाराआड. धाकटीने सांगितले की हल्ली गाणे आकड्यांत साठवतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग लॅपटॉपमध्ये असतो, पण स्वस्तातला. चांगला हवा तर वेगळी पेटी मिळते, तिला 'डॅक' म्हणतात. मला हे एका फटक्यात समजले. मी जन्मभर दुसरे काय केले? बोलण्याच्या खुणा केल्या आणि खुणांचे पुन्हा बोलणे केले. लघुलेखिका कच्ची असली की शब्द येतात, पण साक्षीदार कुठे अडखळला ते येत नाही.

दुकानदार मला म्हणाला, "आजी, तुमच्या वयात काय फरक कळणार? साधी घेऊन जा." मग स्वतःच महागडी पेटी लावून दाखवली आणि म्हणाला, "बघा, केवढा उठाव!" मी म्हटले, "अरे लबाडा, तू तिचा आवाज मोठा ठेवलायस. आधी दोन्ही सारख्या कर, मग मी पाठ करून बसते, तू हवी ती लाव." तसे केल्यावर महागडीत आणि मधल्या पेटीत मला काडीचा फरक कळला नाही. मधलीत गाणारी बाई तान घेण्याआधी श्वास घेते तोही ऐकू आला. मधली घेतली आणि ह्यांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला व दोन स्पीकरना जोडून घेतली. दुकानदाराला माझ्याकडून काही देऊ नये. त्याने आजी म्हटले त्याचा राग नाही, पुढचे बोलला त्याचा आहे.

महिनाभर सुखात गेला. मग आवाज सुरू झाला. गाण्याच्या खालून एक जाड घरघर, आणि तिच्यावर डासासारखे बारीक सूं. गाणे थांबवले तरी चालूच. फ्रिज बंद करून पाहिला, दिवे मालवले, शेजाऱ्यांना पाण्याचा पंप थांबवायला लावला. शिंपिणीला ऐकायला बोलावले तर ती आली तेव्हा सगळे चिडीचूप. धाकटीलाही कधी सापडला नाही. मागे तिचे यंत्र चालू आणि दार बंद. दर वेळी आवाज यायचा तो थोरला घरात असताना. आणि तो तर स्पीकरच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असायचा.

"अरे, हे ऐकू येत नाही तुला?"

"काय?"

"हे! घरघरतंय ते!"

"आई, काही नाहीये. तुला भास होतायत."

एकदा वैतागून मी बोलून गेले, "तू आलास की ही पेटी कण्हायला लागते." झाले. हे वाक्य तो साऱ्या नात्यागोत्यात सांगत फिरला. जोडीला आणखी दोन गोष्टी: आई हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते, आणि विचारावे एक तर उत्तर देते भलतेच. डॉक्टरांना सांगायला त्याच्यापाशी ही तीन प्रमाणे आहेत. खरे सांगते, मलाही भीती वाटू लागली होती. ज्या कानांवर पोट भरले तेच फितूर झाले, असे वाटून मी पेटीवर फडके टाकून ठेवले होते. रडलेही.

काल दुपारी घरात कोणी नसताना फडके काढले. लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली, म्हणून चार्जर लावला आणि घरघर सुरू! काढला, बंद. लावला, सुरू. तेवढ्यात धाकटी बाहेरून आली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आई, हे काय घरघरतंय?" मी तिला घट्ट मिठी मारली. शिंपिणीला हाक मारली. तिने उंबऱ्यातूनच कानावर हात ठेवला. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "आजी, चार्जरची अर्थिंग आणि ॲम्प्लिफायरची अर्थिंग पेटीमधून एकमेकींना मिळतात, त्याचा आवाज आहे तो. पुष्कळांकडे होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालवा."

आता उलगडले. मी ऐकताना लॅपटॉप बॅटरीवरच असतो. थोरला आला की पहिले काम, "चार्जिंग संपत आलंय, लक्ष कुठं असतं तुझं?" म्हणत चार्जर खुपसायचा. आणि निघताना घरातली सगळी बटणे बंद करून जायचे. काळजीवाहू माणूस ना तो!

आवाज खरा ठरला, तेव्हा माझ्या मनाने एकच निकाल दिला: घरासाठी पोटचा पोर तोंडावर खोटे बोलला. आज सकाळी मी कच्चा मसुदा केला त्यात हेच लिहिले होते, "लोभापायी आईला वेडी ठरवू पाहणाऱ्या मुलास छदामही मिळू नये."

मग थोरला आला. साडेचारला डॉक्टर येतील हे सांगायला. त्याच खुर्चीत बसला. मी मुद्दाम चार्जर लावून ठेवला होता, गाणे लावले नव्हते आणि ॲम्प्लिफायरचा आवाज बराच वर नेला होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. धाकटी कानात बोटे घालून मागून धावत आली. आणि हा शांतपणे सांगतोय की, डॉक्टर फार चांगले आहेत, तू घाबरू नकोस. चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. माणूस खोटे बोलेल, पण अशा गोंगाटात पापणी न हलवता बसेल? साक्षीदारांचे चेहरे मी थोडे का पाहिले आहेत?

मी गोंगाट बंद केला. उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटले, "घर तुझ्या नावावर करते."

तो वळला नाही. धाकटी पांढरीफटक पडली.

मी आणखी जरा मोठ्याने म्हटले, "ऐकलंस का? घर तुला देते." तो माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला होता, आई पाणी आणायला गेली असेल असा चेहरा करून.

अरे देवा! मी पुटपुटत नव्हते. मी भलती उत्तरे देत नव्हते, त्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही अर्धेमुर्धेच कळत होते. तो ओरडून बोलायचा म्हणून मी दुखावले जायचे, आणि मी व धाकटी त्याच्या पाठीमागे कुजबुजतो म्हणून तो. पत्र्याच्या कारखान्यात यंत्रावर मुकादम आहे. कान गेले हे तिथे कळले तर यंत्रावरून उतरवतील, म्हणून दडवत असेल, किंवा त्याचे त्यालाच उमगले नसेल. ते मला माहीत नाही. मी त्याला काही बोलले नाही. तो गेल्यावर धाकटी म्हणाली, "आई, दादाला सांगायला हवं होतं." मी म्हटले, "कसं सांगू? ओरडून?"

कच्चा मसुदा फाडला. त्यातला एकही शब्द धरू नये.

कलम तिसरे, त्याचा निकाल. पेटी, ॲम्प्लिफायर, दोन्ही स्पीकर आणि ह्यांची सगळी गाणी थोरल्याला. शिरस्तेदार म्हणाले, "बाई, बहिऱ्याला?" होय, त्यालाच. कानांना यंत्र लागो, औषध लागो, जे लागेल ते माझ्या पैशांतून आधी करावे, निम्मे-निम्मे त्यानंतर. मग धाकटीने सगळे त्याच्या घरी मांडून द्यावे. पेटीमागचे बटण ठराविक पातळीवर ठेवावे आणि आवाज फक्त ॲम्प्लिफायरवरून कमी-जास्त करावा. दोन्हीकडून पिळत बसलास तर बाळा, स्पीकर उडवशील. पेटी ॲम्प्लिफायरवर ठेवू नये, तापते. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा श्वास ऐकू येतो का ते बघ. नाही आला तरी चालेल, पण बहिणीला खोटे हो म्हणू नकोस. ते तू फार वर्षे करत आला आहेस.

घराबाबत फेरविचार नाही. घर धाकटीचेच.

जिन्यावर पावले वाजत आहेत. थोरला डॉक्टरांशी मोठमोठ्याने बोलतो आहे, खालपर्यंत ऐकू जात असेल. पेटी घरघरते हे डॉक्टरांना दोन मिनिटांत दाखवता येईल, आणि मी सुटेन. पण तेवढ्याने तो चारचौघांत उघडा पडेल, वर आईचा वैरी ठरेल. तसे मी होऊ देणार नाही. सही झाली की शिंपिणीला आत धाकटीपाशी पाठवते, आवाजाची गोष्ट तिच्या तोंडून निघू नये म्हणून. डॉक्टरांना मी एवढेच सांगणार आहे: मला जे विचारायचे ते विचारा, पण खिडकीपाशी बसा, उजेड तोंडावर येऊ दे आणि सावकाश बोला, माझ्या मुलाला तुमचे ओठ दिसले पाहिजेत.

येणेप्रमाणे वाचून, समजून, कोणी न सांगता सही केली.

सही: लिहून ठेवणार, दोन्ही मुलांची आई

साक्षीदार पहिला: सही, निवृत्त शिरस्तेदार. बाईंनी आमच्यासमोर लिहिले व सही केली. बाई शुद्धीवर आहेत, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन.

साक्षीदार दुसरी: सही, खालच्या मजल्यावरची शिंपीण. आवाज मीपण ऐकला आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: आज, गुरुवार, दाराची घंटा वाजताना