ओनोफ्रेकाकांच्या धुराड्याचं माप

४ जून, कोयाइके
धूर मापायला शेवटचं घर मिळालं एकदाचं! ओनोफ्रे बारिया. सत्तरी उलटलेली, जन्म मेंढरांमागे गेलेला, बायको वारलेली. छपरावर चढून धुराड्यात नळी खुपसली, स्वयंपाकघरात यंत्र ठेवलं. काजळी फिल्टरवर जमते, शेगडी कधी तापली तेही नोंदलं जातं, खोलीवर बसून फोनवर पाहता येतं.
म्हटलं, "काका, रोजच्यासारखीच पेटवा. माझ्यासाठी वेगळं काही नको."
"तुझ्यासाठी? तू कोण, बिशप लागून गेलीस?"

११ जून
फिल्टर काळाकुट्ट! ओलं लाकूड जाळतात. मी बोलले तर म्हणतात, "धूरच नाही निघाला तर तू कशाला येशील?" थट्टाच. येर्बाचा कडू चहा पीत मी तासभर बसले. नंतर दिवसभर कुणाशी बोलले नाही. बदली होऊन आल्यापासून असंच.

१८ जून
उणे नऊ. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा. गेले, फिल्टर बदलला, बसले.

२५ जून
आज पहिल्यांदा काकांच्या शेगडीच्या नोंदी नीट पाहिल्या. मी गेले तेवढ्याच दिवशी ती तापलीये. मधले सगळे दिवस — थंड! यंत्र बिघडलं म्हणावं, तर ठणठणीत आहे.

२६ जून
न कळवता गेले. दोन घोंगड्यांखाली काका, नाक निळं. मी खूप ओरडले.
"मरायचंय का?"
"एकट्यासाठी कोण लाकूड जाळतं, पोरी?"
मग मीच सरपण आणलं, शेगडी पेटवली, दम भरला — रोज संध्याकाळी पेटलीच पाहिजे! मापाचं वाटोळं झालं. होऊ दे. अहवालातून हे घर वगळायला सांगेन.

१६ जुलै
आता रोज पेटते! खोलीवर बसून नोंदी पाहते — संध्याकाळ झाली की रेघ वर चढते. काकांनी माझं ऐकलं. माझं कुणी ऐकलं त्याला किती दिवस झाले!

६ ऑगस्ट
काम संपलं. नळी काढली, यंत्र गाडीत टाकलं.
"आता कशाला येशील तू," काका म्हणाले.
"येईन की! यंत्राशिवाय येऊ नये असं थोडंच आहे?"
 

१३ ऑगस्ट
पाव घेऊन गेले, गरम. धूर दिसला, बरं वाटलं. खिडकीतून पाहिलं — मी बसायचे त्या खुर्चीवर एक बाई. पिकले केस, पाय शेगडीपाशी पसरलेले, रोजची असावी तशी. काका काहीतरी सांगत होते आणि ती हसून हसून डोळे पुसत होती.
दार वाजवलं नाही. पाव चालता चालता खाल्ला.