दोन हिवाळे उघडा पत्रा

ईसाफ्योर्दुर,
१४ जून २०१९

प्रिय गिस्ली,

खर्रर्र... खर्रर्र... आठवतं? बाबा लांब दांड्याचा ब्रश घराच्या भिंतींवरच्या पन्हाळी पत्र्यावरून फिरवायचे, समुद्राचं मीठ काढायचे, तो आवाज. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तोच आवाज माझ्या हातून निघाला आणि मला शिडीवरच नाचावंसं वाटलं!

तू बरा असशील. इकडे परसात आंबट देठांचा रुबार्ब माजलाय. मुरंब्याच्या सात बरण्या झाल्या.

आणि पश्चिमेची भिंत धुऊन झाली! कोमट पाणी, थोडा साबण, खालून वर. तूच शिकवलंस ना, वरून सुरू केलं की मळाचे ओघळ उतरतात आणि डाग राहतात. शेजारची औस्दिस खालून ओरडत होती, "उतर रे कवी! पडलास तर मी उचलणार नाही. तुझ्या भावालाच फोन करते!"

"कर की," मी म्हटलं. "एकोणसाठ वर्षांत या दारात आला नाही, आता कुठला येतोय!"

पत्रा नवा आहे. बाबांच्या नियमाप्रमाणे दोन हिवाळे उघडा ठेवला. वाऱ्यापावसाने चकाकी उतरली, की मगच तो रंग धरतो. उद्या रंग. लाल.

लाल म्हटलं की तेच आठवतं, गिस्ली.

साठ वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात बाबा मासेमारीला गेले होते. शाळेत पाठ केलेली लाल घराची कविता माझ्या डोक्यातून जात नव्हती. कोऱ्या करकरीत पत्र्याला मी एका दिवसात रंग फासला. वसंतात तो सालपटांसारखा सुटला. बाबांनी विचारलं, "कुणाचे हे उद्योग?" मी म्हणालो, गिस्लीचे.

बाबांनी तुझ्या हातातला ब्रश काढून घेतला, आणि त्याच आठवड्यात तू राजधानीची बोट धरलीस.

बाबा जाईपर्यंत मी त्यांना खरं सांगितलं नाही. तुला ते ठाऊक आहेच. पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस. रंग मी लावला होता. ये रे. पहिला हात तू मार.

दार वाजतंय. औस्दिस तर कधी वाजवत नाही, सरळ आत घुसते. थांब हं.

खिडकीतून पाहिलं. पांढरी दाढी, काखेत ब्रश! आणि बाहेरूनच ओरडतोय, "म्हाताऱ्या, खालून वर धुतलंस ना?"

अरे, हा तर तूच, औस्दिसने आधीच फोन केलेला दिसतोय! हे पत्र तुझ्या हातातच देतो. आधी उंबऱ्यावर उभा राहून वाच. मग आत यायचं की नाही, ते तू ठरव.

आपला दोष तुझ्यावर ढकलणारा भाऊ,
स्टेनग्रीमुर