वन्संना, नव्या कॉम्प्युटरवरून

ती. वन्संना,

हातांवर अजून करड्या पेस्टचे डाग आहेत, म्हणून नमस्कार लांबूनच. तुमची कंबर आता वाकू देत असेल आणि भाऊजींचा उत्साह जरा ओसरला असेल, अशी आशा करते. (पहिल्याचं कळवा, दुसऱ्याचं मला माहीत आहे.)

पत्र लिहायचं कारण म्हणजे आमचा जुना कॉम्प्युटर गेला. माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे, पुस्तकांची पानं लावून छापखान्याला द्यायची. शाळेचं भूगोलाचं पुस्तक अर्धं झालेलं, आणि छापखानेवाले शनिवारच्या पुढे थांबायला तयार नाहीत. चुकलं तर पुढची सगळी पुस्तकं दुसऱ्या कुणाकडे. तुमचे बंधू लगेच म्हणाले, भाऊजींना बोलावू या. वन्सं, राग मानू नका, भाऊजी देवमाणूस आहेत, पण मागच्या खेपेला त्यांनी आमचं शिलाई मशीन दुरुस्त केलं, तेव्हापासून ते फक्त मागे मागे शिवत जातं. म्हणून मी जाहीर करून टाकलं, की सुटे भाग आणून कॉम्प्युटर मीच जोडणार. तुमचे बंधू हसले. ते हसले नसते तर मी कदाचित दुकानातून तयार आणलाही असता.

जेवणाचं टेबल मी ताब्यात घेतलं आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. आपल्या अंगात म्हणे वीज साठते आणि तिने नाजूक भाग जळतात, म्हणून मधूनमधून लोखंडाला हात लावायचा. मी दर स्क्रूमागे धावत जाऊन खिडकीचे गज धरत होते. समोरच्या शेजारीणबाई दर वेळी हात हलवायच्या, मग मीही हलवायचे. संध्याकाळी त्यांनी तुमच्या बंधूंना जिन्यात गाठून हळूच विचारलं, की वहिनींना बाहेर वगैरे जाऊ देता ना. मग आला प्रोसेसर. बिस्किटाएवढा तुकडा, पण घरातली सगळ्यात नाजूक वस्तू, आणि तो खाचेत ठेवून वरची दांडी दाबली की असा कर्रकन आवाज येतो की काळजाचं पाणी व्हावं. (तो आवाज यायलाच हवा असं पुस्तिकेत लिहिलंय, पण पुढच्या पानावर.) सगळं कॅबिनेटमध्ये बसवून, स्क्रू आवळून, घाम पुसते तोच कॅबिनेटच्या पाठीला सगळ्यात आधी बसवायची पत्र्याची पट्टी टेबलावर तशीच पडलेली दिसली. सगळं परत काढलं. त्या वेळी मी जे काही बोलले ते मामंजींनी ऐकलं नाही, कारण ते सभ्य आहेत.

अखेर बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा उजळला, आणि दोन मिनिटांत सगळं गप्प. पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. मला तर भूगोलाच्या पुस्तकाचे नकाशे डोळ्यांपुढे गरगरायला लागले. आता याचं कारण ऐका, त्यात तुमच्या माहेराचाही हात आहे. लग्न होऊन आले तेव्हा रिमोटवरची पिशवी, फ्रिजच्या दारावरचं प्लॅस्टिक, गादीचं न काढलेलं कव्हर बघून मी मनात हसायचे. (गादी अजून करकरते.) पण इतकी वर्षं या घरात काढल्यावर माणूस बदलतो हो. प्रोसेसरच्या डोक्यावर जो पंखा बसतो, त्याच्या तांब्याच्या बुडाला पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते आणि तिच्यावर चक्क लिहिलेलं असतं, वापरण्यापूर्वी काढा. मी वाचलं. मामंजींनीही चष्मा लावून वाचलं. आणि आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं, की एवढं चकचकीत बूड आत्ताच कशाला उघडं करा, राहू दे वर्षभर. त्या पट्टीखाली बिचाऱ्या प्रोसेसरची धग कोंडत होती आणि तो जीव वाचवायला आपण होऊन बंद पडत होता.

आज दुपारी मी पंखा उतरवला, मन घट्ट करून पट्टी सोलली आणि प्रोसेसरची धग पंख्याकडे नेणारी ती करडी पेस्ट नव्याने लावली. मामंजींनी तोंड फिरवलं. तेव्हापासून कॉम्प्युटर एकदाही थांबलेला नाही, आणि त्याच्यावर टाइप केलेलं पहिलं लिखाण म्हणजे ईमेलने पाठवतेय ते हे पत्र. खरं सांगते वन्सं, पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला, तेव्हा मला रडू आलं. मी स्वतःच्या हाताने केलेलं इतकं अवघड काही याआधी चाललंच नव्हतं. सोललेली पट्टी मात्र मामंजींनी टाकू दिली नाही. ती आता त्यांच्या नव्या घड्याळाच्या काचेवर आहे.

कंबरेला जपा.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. : हे सगळं बंद पडत होतं तेव्हा तुमच्या बंधूंनी घाबरून भाऊजींना फोन केला होता. आता नको म्हणून सांगायला पुन्हा केला, तर भाऊजी म्हणाले, चालतोय ना, मग का चालतोय ते एकदा उघडून बघायलाच हवं. उद्या सकाळच्या गाडीने हत्यारं घेऊन निघतायत. आणि माझी पानं शनिवारी जायची आहेत. तेव्हा वन्सं, हात जोडते, त्यांना सोडून निघताच येणार नाही असं काहीतरी आज तुमच्या घरात बिघडायला हवं.

ता. क. आणखी एक : इस्त्री वगैरे नको, ती ते पिशवीत घालून इकडे आणतील. पाण्याची मोटर चालेल. ती कशी बिघडवायची हे कळत नसेल तर तुम्ही उगाच हात घालू नका. मोटर जरा आवाज करतेय, एवढंच भाऊजींच्या कानावर घाला.