खळ लावलेली दोरी

१२ सप्टेंबर १९४३, शहापूर

पंक्चर! पुन्हा! मागचंच चाक. या महिन्यातलं हे चौथं. ट्यूब कमी आणि ठिगळं जास्त झाली आहेत. लढाईमुळे नवी ट्यूब साऱ्या बेळगावात मिळत नाही. हिच्या भाकरीच्या परातीत पाणी घेऊन बुडबुडे शोधत बसलो. परात काळी झाली. मग काय, हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. "भाकरी आता कशात मळू? तुमच्या चाकात?" राख घेऊन मीच घासून दिली. तरी संध्याकाळच्या भाकरीला वंगणाचा वास होता. हिनं तशीच खाल्ली. मीही मुकाट्याने खाल्ली.

१६ सप्टेंबर

सायकल सगळी खोलली, पुसली, तेल दिलं, परत जोडली. एक नट उरला. कुठला, देव जाणे! दोनदा सगळीकडे शोधलं. चाक फिरतं, पायडल फिरतं. म्हणजे नट जास्तीचाच असणार. तपकिरीच्या रिकाम्या डबीत टाकून दिला.

२४ सप्टेंबर

ब्रेक गेला. पुढचा कधीच गेलेला, त्याचं रबर मिळत नाही. आता मागचाही. दांड्याखालून दोन गज येतात आणि मधे एका नटाने जोडलेले असतात — तिथला नट नाहीसा. कॅम्पातून येताना रस्त्यात पडला असणार.

ही म्हणाली, "नागोजी मिस्त्रीकडं न्या की. त्येचं दुकान काय काशीला हाय?"

नागोजीकडे? मेलो तरी नाही! गेल्या वर्षी भर दुकानात म्हणाला होता — "परशराम, विणकरानं धोटा मारावा. तू सायकलीत हात घातलास की माझं काम दुप्पट हुतं." चार माणसं फिदीफिदी हसली. तेव्हापासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढलेलो नाही. माझी सायकल मी दुरुस्त करतो. सगळ्या आळीत एकच सायकल आहे आणि ती माझी आहे.

दुपारी मागावर बसल्या बसल्या सुचलं. मागाची जाड दोरी घेतली. ताण्याच्या धाग्यांना लावायची पिठाची खळ शिजवलेली होतीच, तिच्यात चांगली मुरवली. ओली असतानाच दोन्ही गजांवर आवळून गुंडाळली आणि आपली विणकरी गाठ मारली. उन्हात वाळवली. काठीसारखी कडक!

२५ सप्टेंबर

ब्रेक असा लागतो की बसल्या जागी थांबावं. शेजारच्या तम्मण्णाला दाखवला. आम्ही दोघं एकाच वर्षी मागावर बसलो, त्याच्यापासून माझं काही लपत नाही. गजाकडे वाकून बघून म्हणाला, "उलटी गाठ! लांबनं बी वळकंल कुनी."

खरं आहे. मी डावखुरा, त्यामुळे माझ्या गाठीचा पीळ उलटा पडतो. ताण्यातला तुटलेला धागा मी सांधला की तम्मण्णाने सांधला, हे आमच्या आळीत कुणीही नुसतं बघून सांगतं. लहानपणी त्यापायी मास्तरांचा आणि बापाचा, दोघांचा मार खाल्ला. आता आळीत दुसरा डावखुरा नाही म्हणून मिरवतो!

तम्मण्णा एवढंच म्हणाला, "पावसात नेऊ नगं रं." मी म्हटलं, पाऊस कुठं आहे? पंधरा दिवस ढगाचा पत्ता नाही.

७ ऑक्टोबर — खंडेनवमी

माग झाडले, धुतले. धोटे, फण्या ओळीने मांडल्या. सायकल विहिरीवर नेऊन बादल्यांनी न्हाऊ घातली, पार तारा-तारांतून. हळद-कुंकू, झेंडूची माळ. हिनं लिंबू ठेवलं. सायकल नव्या नवरीसारखी दिसत होती. आज हत्यारांना विसावा, म्हणून चालवली नाही.

८ ऑक्टोबर — दसरा

लिहवत नाही.

९ ऑक्टोबर

लिहितो. कुठंतरी ओकायला पाहिजे.

काल सकाळी सायकल ओट्यावरून खाली घेतली. सवयीने ब्रेक दाबला. मऊ लागला. जरासा. दोरीवर बोट ठेवलं — चिकट. खळ पाण्यात सुटते हे आमच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मला ठाऊक नव्हतं? होतं. मनात म्हटलं, उन्हात वाळेल.

तेवढ्यात नागोजी सोनं द्यायला आळीत आला. माझ्या दारासमोरच उभा राहिला. त्याच वेळी तम्मण्णा आला. दर दसऱ्याला तो हिंडलग्याला बहिणीकडे, सोनाबाईकडे, सोनं घेऊन चालत जातो. यंदा टाचेला कुरूप. म्हणाला, "परशा, सायकल दे रं आजच्या दिवस." आणि मग — "ब्रेक धरतोय न्हवं?"

नागोजी ऐकत होता.

मी म्हटलं, "डोळं झाकून जा!"

हे माझे शब्द. माझ्याच तोंडचे.

दुपारी एका गाडीवानाने निरोप आणला. मी पळत सुटलो. तम्मण्णाचे थोरले भाऊ सिद्रामआप्पा मागून येत होते, त्यांचं वय झालंय. हिंडलग्याच्या वाटेवर तो उतार आहे, त्याच्या तळाशी तम्मण्णा मैलाच्या दगडाला टेकून पडला होता. डोळे मिटलेले. उजवा हात मनगटापाशी नको तसा वळलेला. आपट्याची पानं रस्ताभर. समोर कडब्याची गाडी आडवी आली म्हणे.

आणि मी पहिल्यांदा काय केलं? त्याला हात लावला नाही. सायकलीकडे गेलो. दोरी सैल होऊन गजावर लोंबत होती, गाठ तशीच. ओरबाडून काढली आणि खिशात घातली. आणि मग "तम्मण्णा! तम्मण्णा!" म्हणून ओरडत त्याच्यापाशी बसलो.

सिद्रामआप्पा पोचले तेव्हा मी रडत होतो. त्यांना वाटलं, भावाच्या मायेनं रडतोय.

तम्मण्णाने डोळे उघडले. म्हणाला, "माझंच चुकलं रं. घाबारलो. ब्रेक दाबलाच न्हाय वाटतं."

मी खिशातली दोरी आणखी खोल सारली.

१० ऑक्टोबर

दोरी त्या नटाच्या डबीत घालून डबी ट्रंकेत तळाशी ठेवली. चुलीत का घातली नाही, कळत नाही. हात धजला नाही.

१२ ऑक्टोबर

अनगोळच्या हाडवैद्याने लेप लावून, बांबूच्या कांबी घालून हात बांधला आहे. महिनाभर सोडायचा नाही, असा कानडीत दम भरून गेला. तम्मण्णाच्या मागावर अर्धं विणलेलं लुगडं तसंच ताणलेलं आहे. धोट्याची दोरी ओढायला उजवा हातच नाही.

आळीत चेष्टा सुरू झाली आहे. "तम्मण्णाला धोटा पळवता येतोय, सायकल न्हाय!" सिद्रामआप्पाही त्याला बोलतात — झेपत नव्हतं तर बसलास कशाला? तो हसतो. त्याच्या त्या हसण्याला मी सामोरा जाऊ शकत नाही, खाली बघतो.

१९ ऑक्टोबर

दिवस उगवायला तम्मण्णाच्या मागावर बसतो, जेवण झालं की माझ्या. त्याचं लुगडं पुरं करून देणार. बायाक्का, त्याची बायको, शेजारणीला सांगत होती, "पाठचा भाऊ असा करनार न्हाय!" आळीत जो तो माझं कौतुक करतोय. काल देवळापाशी सिद्रामआप्पांनी सगळ्यांदेखत पाठीवर हात ठेवला.

सांगायचं ठरवून जातो आणि धोटा मारून परत येतो. रोज!

नागोजीची भीती वाटते का? हो. तो हसेल. पण तेवढंच नाही. आता एवढं कौतुक झाल्यावर सांगायचं कसं? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मूर्ख ठरलो असतो. आता लबाड ठरेन.

२८ ऑक्टोबर — दिवाळी

बायाक्कानं घाण्यातली पहिली करंजी मला दिली. "भावजी, ही तुमची." बाहेर येऊन गाईपुढे टाकली.

९ नोव्हेंबर

हात सोडला. मी तिथंच होतो. हाड सांधलंय, पण मनगट वळत नाही. बोटं अर्धीच मिटतात. हाडवैद्याने तेल चोळायला सांगितलं आणि तम्मण्णाकडे न बघता निघून गेला. तम्मण्णाने धोट्याची दोरी धरून बघितली. सुटली. परत धरली. परत सुटली. मग हात धोतराला पुसून म्हणाला, "बायाक्का, च्या टाक."

त्याला दुसरं काय येतं? सातव्या वर्षापासून मागावर बसलेला माणूस! आणि मी त्याला डोळे झाकून पाठवला.

१० नोव्हेंबर

आज घडलं ते असं.

चार दिवसांपूर्वी हिनं मला न विचारता सायकल नागोजीकडे दिली होती. वाकडं चाक किती दिवस दारात ठेवायचं, म्हणून. आज सकाळी नागोजी ती घेऊन थेट तम्मण्णाच्या ओट्यावर आला. तम्मण्णा, बायाक्का, सिद्रामआप्पा — सगळे होते. मी आत त्याच्या मागावर. मला हाक मारून बाहेर बोलावलं.

नागोजी म्हणाला, "सिद्रामआप्पा, भावाला हसतायसा. ह्यो गज बघा. हितं नट पायजे, तो न्हाय. आन ही बघा, वाळल्याली खळ. कुनीतरी दोरीनं बांधलंतं. ब्रेक लागनार कसा, बोंबलायला? कुनाचं काम ह्ये?"

आणि त्याने माझ्याकडे बघितलं. सिद्रामआप्पांनीही बघितलं. एक शब्द! एक शब्द पुरे होता. आला नाही.

तम्मण्णा म्हणाला, "माझं."

सगळे त्याच्याकडे वळले.

"वाटंत नट पडला. म्या मागाची दोरी गुंडाळली. खिशात हुती, खळ लावल्याली. म्हटलं, हिंडलग्यापतुर जाईल. परशाला काय म्हाईत न्हाय त्येचं. लाज वाटली म्हनून बोललो न्हाय."

सिद्रामआप्पांनी कपाळावर हात मारला. नागोजी म्हणाला, "सगळं विनकर एका माळेचं मनी!" आणि हसला. बायाक्का मात्र हसली नाही.

मला काय वाटलं ते इथं तरी खरं लिहितो. हायसं वाटलं. एवढंच नाही, घरी येईपर्यंत मला खरंसुद्धा वाटू लागलं. असेल की. माझी दोरी सैल झाल्यावर त्याने वाटेत दुसरी बांधली असेल. का नसेल? जेवलो. महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

११ नोव्हेंबर

सकाळी ट्रंक उघडून डबी काढली. दोरी उजेडात धरली. गाठीचा पीळ उलटा.

माझी गाठ आहे. या आळीत अशी गाठ मारणारा मी एकटा. त्याने काही बांधलं नव्हतं. तो सगळ्यांदेखत खोटं बोलला, माझ्यासाठी. आणि त्या दिवशी उतारावर माझा हात खिशात जाताना त्याचे डोळे मिटलेले होते असं मी समजत होतो!

डबीत तो उरलेला नटही होता. का कोण जाणे, घेऊन सायकलीपाशी गेलो. ब्रेकच्या गजाला लावून बघितला. बसला. नुसत्या चिमटीने फिरवला, बसला! रस्त्यात काही पडलंच नव्हतं. मीच बसवायला विसरलो होतो, आठ दिवस गज नुसते एकमेकांत अडकून राहिले होते. दोन महिने माझ्या घरात, माझ्याच डबीत.

ओट्यावर बसून राहिलो. हिनं विचारलं, काय झालं? तिला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "मला सांगून काय उपेग?"

१२ नोव्हेंबर

डबी घेऊन गेलो. सिद्रामआप्पांना बोलावलं. नागोजीलाही, त्याच्या दुकानाची पायरी चढून. सगळ्यांसमोर डबी उपडी केली आणि सांगितलं. नागोजी हसला नाही. सिद्रामआप्पा उठून गेले. बायाक्कानं तोंड फिरवलं.

तम्मण्णानं दोरी उचलली. डाव्या हातात धरून गाठ बराच वेळ न्याहाळली. मग माझ्यापुढे केली.

"डाव्या हातानं कशी मारत्यात ती शिकीव. आता ह्योच हात हाय मला."

दुपारपर्यंत त्याला एक जमली. उलटी, माझ्यासारखी.