पेंढीची गाठ

३ डिसेंबर, मंगळवार

टोस्टच्या पुड्यात गॅसची डबी!

ट्रेकची सॅक हे नेहमी आधीच भरून दाराशी ठेवतात. रंगीत तालीम म्हणतात तिला. नाताळच्या सुट्टीत कॉलेजच्या मुलांना घेऊन जायचंय, रसाळगड, सुमारगड, महिपतगड. दुपारी यांचा स्वेटर आत सारावा म्हणून सॅकचं तोंड सोडलं, तर सगळ्यात वर स्लीपिंग बॅग, आणि तीही चादरीसारखी घडी घातलेली. तिच्याखाली टोस्ट, आणि टोस्टमध्ये गॅसची डबी आडवी. पार चुरा झालेला. तंबूचे दांडे सॅकमध्ये नव्हतेच. संध्याकाळी तांदूळ काढायला गेले तर दांडे तांदळाच्या पिंपात उभे.

या माणसाने जन्मभर शाळेत पी. टी. शिकवली. डोंगरात किती पिढ्या फिरवल्या. झोपायचं ते तळाला, जड ते पाठीला चिकटून, गॅस उभा आणि खाण्यापासून लांब, आधी लागेल ते वर. मुलांकडून पाढ्यासारखं घोकून घेतात. आणि ही यांची सॅक!

विचारलं, अहो, हे काय? नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, असू दे, मी परत भरतो. दुसऱ्या कुणी अशी भरली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. 

भागोजीदादांचं असंच सुरू झालं होतं. यांचे थोरले भाऊ. आधी चष्मा फ्रीजमध्ये, मग किल्ल्या, आणि शेवटी मांडवीच्या जेट्टीवर उभे राहून लोकांना स्वतःचं घर विचारायचे.  

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी हे म्हणाले, या वेळी तू पण चल. पायथ्याच्या गावात राहा, मुलांच्या जेवणाचं बघ. एकटी काय करणार घरात?

मला हसूच आलं. इतकी वर्षं हे डोंगरात आणि मी पोस्टाच्या काउंटरवर, तेव्हा कोण होतं माझ्या सोबतीला? पण बरं वाटलं. मी बरोबर असले तर यांच्यावर नजर तरी राहील. हो म्हटलं.

लगेच शिकवणी सुरू! चटईवर सगळं मांडलं. स्लीपिंग बॅगची घडी घालायची नाही, मुठीमुठीने कोंबायची. घडी घातली की त्याच त्याच रेषेवर कापूस मरतो. सॅकच्या आत आधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी, कारण बाहेरच्या रेनकव्हरवर विश्वास नाही. डाळ-तांदूळ पाठीशी, खांद्यांच्या मधे. जड सामान लांब गेलं की सॅक मागे ओढते आणि कड्यावर माणूस तोल जाऊन पडतो. दोन्ही बाजू हातात तोलून बघायच्या. छान शिकवतात. तेव्हा वाटलं, यांना काही झालेलं नाही, मीच वेडी.

शेवटी तोंडाची दोरी आवळायला दिली. मी दोन्ही टोकं घेतली, पीळ दिला आणि खाली खोचली.

"गाठ मार गो," म्हणाले. "ही काय पेंढी आहे?"

आमच्या लांज्याकडे, माहेरी, सड्यावरचं, म्हणजे कातळमाळावरचं, गवत असंच बांधतात. गाठ मारायची नाही. पीळ द्यायचा, बोटाने आत दाबायचं, की पेंढी डोक्यावरून घरी येईस्तोवर सुटत नाही आणि गुरांपुढे टाकताना एका बोटाने सुटते. आईने शिकवलं, फ्रॉकात होते तेव्हा. यांचे वडील जेट्टीवर माल चढवायचे, यांना बोटीच्या सगळ्या गाठी येतात. पण हा पीळ? लग्न झाल्यापासून प्रयत्न करतायत. आजही केला. खोचतात आणि फस्सकन सुटतं. जन्मात जमायचं नाही तुम्हाला, म्हटलं. दोघंही पोटभर हसलो.

६ डिसेंबर

संध्याकाळी विहारात गेलो. गर्दी होती. मेणबत्ती लावली. पूर्ण वेळ यांनी माझं कोपर धरून ठेवलं होतं. आधार लागतो आता. 

८ डिसेंबर, रविवार

आज परत तीच शिकवणी! पहिल्यापासून! स्लीपिंग बॅग कशी कोंबायची, गॅस कुठे, डाळ कुठे. जणू कधी शिकवलंच नाही. अहो, परवा तर झालं हे सगळं, असं म्हटलं तर माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच, "हो का? मग तूच दाखव."

त्यांच्यासमोर दाखवताना माझी घाई झाली, एकदोन वस्तू इकडच्या तिकडे झाल्या. कुणी असं नाकासमोर बसून बघितलं तर कुणाचंही होईल. पण यांचे डोळे भरले होते. का, ते विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनाही कळत असेल का, आपलं काय होतंय ते?

मागील दारची कपड्यांची दोरी तुटली आज. सुंभच तो, किती टिकणार. यांना सांगितलंय.

११ डिसेंबर, बुधवार

सॅकमध्ये काहीतरी चकाकत होतं. हेडटॉर्च, चालू! कधीपासून जळत होती कोण जाणे, हाताला गरम लागली. मुलांना दम देऊन सांगतात, भरताना एक सेल उलटा घाला म्हणजे आत चुकून पेटणार नाही. आणि स्वतः?

औषधांचा डबा सॅकमध्ये नाही. फ्रीजमध्ये सापडला, भाजीच्या कप्प्यात. फ्रीज बघितला आणि मी तिथेच खाली बसले. भागोजीदादांचा चष्मा आठवला.

सुमारगडाला वर जाताना कातळ आहे, तिथे दोर लावून मुलांना एकेक करून चढवावं लागतं. दोर हे बांधतात. खाली दरी. कुणाकुणाची पोरं! आयांनी सरांच्या भरवशावर पाठवलेली. हे गाठ मारता मारता मधेच थांबले तर? कुठल्या टोकाला काय करायचं ते विसरले तर? डोळे मिटले की तेच दिसतं.

एक बरं आहे. हल्ली कपडे हेच वाळत घालतात, हेच काढून घड्या करून आत आणतात. म्हणजे मागे नवी दोरी बांधली असणार. तेवढं लक्षात राहिलं.

१२ डिसेंबर

आम्रपालीला फोन केला. म्हटलं, बाबांचं काही खरं नाही गो, मला भीती वाटते. सगळं सांगितलं, टोस्ट, दांडे, फ्रीज.  मग विचारते, "आई, तू गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

माझं काय घेऊन बसलीस! मी बाबांचं सांगत्येय! तर म्हणे, बाबांचं माझं बोलणं झालंय, मी सुट्टी काढून येते नाताळात, तू काळजी करू नको.

म्हणजे यांनी लेकीला सांगितलं, आणि मला नाही. इतकी वर्षं एका ताटात जेवलो. वाईट वाटलं. खूप.

१४ डिसेंबर, शनिवार

दूध जळून टोप काळा ठिक्कर. घरभर धूर. मी पुढच्या खोलीत होते, मला वासच आला नाही, सर्दी झालीय. हे बांगडे घेऊन आले ते धावतच आत गेले आणि गॅस बंद केला. जाताना ठेवून गेले असणार. मी म्हटलं, अहो, घर पेटलं असतं! तर टोप घासता घासता म्हणतात, "माझ्याच लक्षात राहिलं नाही बघ."

कसं शांतपणे कबूल केलं. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

नंतर म्हणाले, डॉक्टरांकडे जाऊन येऊ, दोघंही दाखवून घेऊ. एकट्याला लाज वाटत असेल. येते म्हटलं.

१६ डिसेंबर

अजिंक्यला फोन करू की नको? सकाळपासून तेच. अजिंक्य यांचा लाडका विद्यार्थी. हातखंब्याला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे त्याचं, आणि ट्रेकला यांचा उजवा हात. त्याला सांगितलं की यांचा ट्रेक गेला. आणि ट्रेक गेला की यांच्याकडे उरलं काय? शाळा संपली, लेक लांब. डोंगर तेवढा होता.

नाही सांगितलं आणि एखादं पोर पडलं तर?

फोन केला. सरांची सॅक एकदा येऊन बघ, एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावर रडू आलं. चहाडी केल्यासारखं वाटतंय.

१८ डिसेंबर, बुधवार

अजिंक्य आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग सहज म्हणून सॅक पुढे ओढली. सर, जरा बघू का? बघ की, म्हणाले हे.

वरवर सगळं ठीक होतं. मला हायसं वाटलं. मग त्याने दोर काढला. केशरी रंगाचा, यांचा जिवापाड जपलेला. त्यावर कुणाला पाय ठेवू देत नाहीत, उन्हात टाकू देत नाहीत. अजिंक्य दोन्ही हात पसरून वाव मोजायला लागला. मोजता मोजता थांबला. परत पहिल्यापासून मोजलं. मग टोक हातात धरून बघितलं. विळीने कापल्यासारखं, धागे सुटलेले.

"सर, दोर कापलाय कुणीतरी."

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. कसे बघत होते ते शब्दांत सांगता येत नाही. रागाने नव्हे. आजारी पोराच्या कपाळावर हात ठेवून बघतात ना, तसं. आणि मग खाली बघून म्हणाले, "मीच कापला असेन."

अजिंक्यचा चेहरा उतरला. तो दोर गुंडाळत बसला. शेवटी हेच म्हणाले, की या वर्षी तू ने मुलांना. माझ्याच्याने नाही व्हायचं. नवा दोर घे, हा टाकून दे, कापलेल्या दोरावर माणूस सोडायचा नाही. अजिंक्य पाया पडला. बाहेर पायरीवर बसून चपला घालताना डोळे पुसत होता.

कापलेला तुकडा कुठे गेला, ते कुणी विचारलं नाही.

मुलं वाचली. मी बरोबरच केलं. असं स्वतःला सांगते आणि तरी भीती जात नाही. आता यांचं काय होणार? मला ओळखायचे तरी किती दिवस राहिलेत? एके दिवशी चहा घेऊन जाईन आणि हे विचारतील, आपण कोण?

२० डिसेंबर

डॉक्टरांकडे जाऊन आलो. चांगले आहेत, पण बडबडे. सगळा वेळ माझ्याशीच गप्पा! आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा, घड्याळ काढून दाखवा. मी पोस्टातली, माझ्याशी आकड्यांचं काय बोलता? सगळ्या जिल्ह्याचे पिनकोड धडाधड म्हणून दाखवले. हसले. यांना मात्र काही विचारलं नाही. बाहेर थांबा म्हणाले मला, आणि मग दोघं आत बोलत बसले.

घड्याळाचे काटे जरा चुकले माझे. चष्मा घरी राहिला होता.

२३ डिसेंबर

यांनी रिकामी सॅक धुऊन माळ्यावर टाकली. मी शिडी धरली.  मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आज मुलं निघाली असतील, अजिंक्यबरोबर. हे आम्रपालीला आणायला स्टेशनवर गेलेत. आभाळ भरून आलं, अवकाळी पडेल म्हणून मीच कपडे काढायला मागील दारी गेले. कितीतरी दिवसांनी.

दोरी केशरी आहे. पोफळीपासून न्हाणीच्या खांबापर्यंत.

टोकाला गाठ नाही. पीळ देऊन खोचलेली आहे, आमच्या पेंढीसारखी. एक बोट लावलं, सुटली.

रिक्षाचा आवाज येतोय. हे आत आले की पहिलं हेच सांगायचं. विसरायच्या आत लिहून ठेवलं.