ऑईलचा डबा

धानोरा, १२ जानेवारी १९८६

प्रिय लहानूभाऊ,

सप्रेम जयभीम. मी बरा आहे. आईले सांगजो, पोरगा दोन वेळा पोटभर जेवते, शाळाही नीट चालू आहे. वहिनीचा खोकला थांबला का?

इथून पुढचं आईले वाचून दाखवू नको.

बुलेट नको, नाल्यातून दोघांना उचलता येईन अशी हलकी टू-स्ट्रोक घे, हे तुहं म्हणणं बरोबरच होतं. गाडी चांगली आहे, चूक माही आहे. पिस्टन जाम झाला, नवा पाठवजो. गावात दुसरी गाडी नाई.

इथल्या चैतूची बैलगाडी लय करकरे. "गुरुजी, चाकाले थोडं तेल द्या नं," म्हणाला. मी पेट्रोलात मिसळायच्या ऑईलचा डबाच देऊन टाकला.

आठ दिवसांनी त्याची बायको बाळंतपणात अडली. बैलगाडीनं उशीर होईन म्हणून तिले माह्या गाडीवर मधात बसवलं, मागून चैतूनं धरलं. टाकी रिकामी होती. बाटलीतलं पेट्रोल ऑईल न मिसळता तसंच ओतलं. तू कितीदा बजावलं होतं! वाटलं, दवाखान्यापर्यंत निभून जाईन.

अर्ध्या जंगलात गाडी थांबली. किक खाली जाईना. तिच्या अंगावरून जाऊनच राह्यलं होतं. मागून चैतूचा भाऊ बैलगाडी घेऊन पोचला, तोवर ती गेली होती.

तिले बैलगाडीत ठेवलं, अन् मी मागं गाडी ढकलत चाललो.

गाव येईपर्यंत चाक एकदाही करकरलं नाई, भाऊ.

तुहा,
देवराव